इम्प्लांट खाली उतरलंय, पण दुखत नाही. राहू द्यायचं की दुरुस्त करायचं?

विजापूररोडकर (धागा सुरू करणारी)
आमच्या नात्यातल्या एका मुलीने मागे पुण्यात स्तनांचं इम्प्लांट करून घेतलं. वर्ष उलटून गेलं. उजवीकडचं आता सरळसरळ खाली उतरलंय. घरात सगळ्यांचं एकच: "दुखत नाही ना? मग कशाला परत कापून घेतेस?" मला हे पटत नाही. तिला विचारूनच इथे लिहितेय.

काय दिसतं ते सांगते. टाक्यांचा व्रण स्तनाखालच्या घडीत लपायला हवा, तिचा तो घडीच्या दोन बोटं वर, स्तनावरच दिसतो. व्रण आहे तिथेच आहे, त्याच्या खालची कातडी ताणून इम्प्लांट खाली गेलंय. वरचा भाग सपाट, रिकामा. निपल वर तोंड करून, साध्या ब्राच्या काठातून बाहेर येतं. खालून चाचपलं की इम्प्लांटची कड कातडीलगत हाताला लागते. त्यात आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे, घडीत घाम साचून सतत पुरळ.

डॉक्टर याला बॉटमिंग आउट म्हणतात. ताणलेली कातडी आपोआप आवळत नाही आणि वजन तर रोज खाली ओढतंच. जितका उशीर तितका खालचा भाग पातळ होणार आणि दुरुस्ती अवघड. तेव्हा दुखण्याची वाट न बघता करून घ्यावं, असं माझं मत. विरोधात बोला, चालेल. फक्त "लोक काय म्हणतील" नको.

ओटीतली सिस्टर
विरोधात मी बोलते. प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलंय, त्यामुळे दुसरी बाजू जास्त पाहिलीय. ऑपरेशननंतर इम्प्लांट आधी वरच बसतं, छाती गळ्याशी आल्यासारखी दिसते. मग स्नायू सैल पडतो, सूज उतरते आणि तीन ते सहा महिन्यांत ते हळूहळू खाली येतं. एक बाजू आधी, दुसरी मागाहून, हेही नेहमीचंच. दुसऱ्या महिन्यात आरशासमोर उभं राहून "घसरलं, घसरलं" म्हणत येणाऱ्या कितीतरी जणी. त्यांना लगेच टेबलावर घेतलं तर सुजलेल्या, कच्च्या भागात टाके धरत नाहीत. शिवाय दुरुस्त केलेलं परत उतरू शकतं, हे आधी कुणी धड सांगत नाही.

विजापूररोडकर
सिस्टर, दुसऱ्या महिन्याचं कबूल. इथे वर्ष होऊन गेलंय. आणि नेहमीच्या उतरण्यात घडी जागची हलत नाही, इम्प्लांट फक्त घडीपर्यंत येऊन टेकतं. हिची घडीच खाली गेलीय. कातडी ताणून निपलपासून घडीपर्यंत टेपने मोजलं की कळतं. ३०० सीसीच्या आसपासच्या इम्प्लांटला हे अंतर साधारण ८ सेंमी धरतात. तिचं डावं त्याच्या जवळपास, उजवं त्याहून बरंच जास्त. आणि दर भेटीला वाढतंय. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात, हात खाली सोडून समोरून आणि बाजूने फोटो काढले की वादच राहत नाही.

शेंगाचटणी
ओ ताई, एवढी मोजमापं कशाला? काढून टाका की दोन्ही. सुंठीवाचून खोकला गेला. २०१९ मध्ये अ‍ॅलरगन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांटं जगभरातून परत बोलावली होती, लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या भीतीने. असली वस्तू अंगात ठेवायचीच कशाला म्हणतो मी.

ओटीतली सिस्टर
काढणं हा पर्याय आहेच, पण सुंठीवाचून नाही हो. काढल्यावर ताणलेली कातडी रिकामी लोंबते. मग ती उचलून बसवायचं वेगळं ऑपरेशन आणि त्याचे वेगळे व्रण. बायोसेलचं म्हणाल, तर ज्यांना काही त्रास नाही त्यांनी ती काढायची गरज नाही, असंच तेव्हा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने सांगितलं होतं. हां, काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, पाणी भरल्यासारखी झाली, तर ते खाली उतरणं नव्हे. ते लगेच दाखवायचं. ताप, लाली असेल तरीही.

नवीपेठ१९
मुळात हौसेने केलेल्या गोष्टीवर परत लाखो रुपये घालायचे? हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच. त्या पैशात घराचा हप्ता फिटेल.

बार्शीची लेक
सगळं हौसेचंच असतं असं धरून चालू नका. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तासभर बसा, मग बोला. माझ्या आत्याचा एक स्तन कॅन्सरमुळे काढला, तिथे नंतर इम्प्लांट बसवलं. स्तन काढल्यावर वर राहते ती नुसती पातळ कातडी, आधार तो कसला? तिचंही खाली आलं. एक बाजू वर, दुसरी पोटाकडे. बाई पदर सरळ करण्यातच दमून जायची. "वय झालं, आता कशाला" हे तिलाही ऐकवलं गेलं.

पैशाचंही सांगते. इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या नियमातल्या ठरावीक मजकुरानुसार आरोग्य विम्यात कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यात येत नाही. दुरुस्ती त्यात कशी बसते ते आधी लेखी विचारा. हौसेने केलेल्याची दुरुस्ती मात्र खिशातूनच.

नवीपेठ१९
कॅन्सरचं वेगळं, त्याला माझा विरोध नाही. धागा त्याबद्दल नव्हता.

विजापूररोडकर
धागा खाली उतरलेल्या इम्प्लांटबद्दल आहे. ते का बसवलं याचा हिशोब इथे कुणी मागितलेला नाही.

सिस्टर, पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "आतून टाके घालून इम्प्लांट बसतं तो कप्पा वर घेऊ, इम्प्लांट तेच ठेवू." हे पुरेल?

ओटीतली सिस्टर
इथेच माझी खरी हरकत आहे. तिचं इम्प्लांट केवढं?

विजापूररोडकर
४०० सीसी. अंगाने अगदी बारीक आहे ती.

ओटीतली सिस्टर
मग उत्तर तिथेच मिळालं. ४०० सीसी म्हणजे एका बाजूला जवळपास ४०० ग्रॅम, बारीक अंगावर. त्यात कप्पा करताना घडीच्या खालपर्यंत सोडवलं गेलं असेल तर ते उतरणारच. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. खालचं जास्तीचं आवरण न विरघळणाऱ्या टाक्यांनी आवळून घडी परत जागेवर बांधतात. पद्धत चांगली आहे. पण तेवढंच जड इम्प्लांट परत आत घातलं तर फाटलेल्या अभ्र्याला टीप मारून तीच उशी कोंबल्यासारखं होतं. लहान घ्यायला सांगा. कातडी फार पातळ असेल तर खालून आधाराला जाळी किंवा प्रक्रिया केलेल्या त्वचेचा थर लावतात. कधी जुना कप्पा बंद करून नवा करतात. डॉक्टर नुसते टाके म्हणत असतील तर "का?" हे विचारायचंच.

आणि मालिश! पहिल्या ऑपरेशननंतर कुणी खाली दाबत मालिश करायला सांगितली असेल तर ती बंद. छातीचे व्यायाम केले की वर येईल हाही भ्रम आहे. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर स्नायू आवळताना ते उलट खाली आणि बाहेर ढकललं जातं. पट्टा, ब्रा यांचा उपयोग पहिल्या काही आठवड्यांत थोडा होतो. वर्षाने नाही.

जुळेसोलापूर
ज्यांनी बिघडवलं त्यांच्याकडेच परत जाणार का? आणि दर तपासणीला पुण्याची खेप? पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, टाके सांभाळत रात्री परत. सोलापुरात प्लास्टिक सर्जन काय कमी आहेत?

विजापूररोडकर
बिघडवलं असं मी म्हटलेलं नाही. इतकं मोठं इम्प्लांट तिनेच हट्टाने घेतलं होतं. पण दुसरं मत घेणार, ते सोलापुरातच. प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का ते बघून, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोंदणी तपासून. नुसती "कॉस्मेटिक सर्जन" पाटी बघून नाही. सोबत इम्प्लांटचं कार्ड, जुने फोटो आणि पहिल्या ऑपरेशनची नोंद नेणार.

ओटीतली सिस्टर
हे बरोबर. माझा विरोध आता निम्मा उरला. एक प्रश्न राहिला. मूल व्हायचंय का तिला? गरोदरपणात आणि दूध पाजताना स्तन भरतात, मग ओसरतात. दुरुस्ती आज करून वर्षभरात दिवस राहिले तर ताण परत तिथेच. तसं असेल तर मी थांबायला सांगेन.

विजापूररोडकर
मूल व्हायचंय, पण कधी ते ठरलेलं नाही. सासरी तेच कारण पुढे करतात, "आधी बाळ होऊ दे." दोन-तीन वर्षं ती कड कातडीलगत घेऊन, पुरळ खाजवत काढायची? तोवर खालची कातडी आणखी पातळ होईल त्याचं काय?

ओटीतली सिस्टर
दोन-तीन वर्षं म्हणत असाल तर थांबू नका. वर्षभरात प्रयत्न करणार असतील तर थांबा. याहून पुढे मी येणार नाही. आणि हो, दुरुस्तीनंतर साधारण सहा आठवडे रात्रंदिवस आधाराची ब्रा, वजन उचलणं बंद, भरलेला हंडासुद्धा नाही. सासरी हे आधी सांगून ठेवा. पाणी कोण भरणार ते ठरवूनच तारीख घ्या.