नवविचारावरच्या प्रकल्पात कंटेनर दाखवायचा आहे, पण त्यात 'विज्ञान' नेमकं कुठे?

वाशी_सेक्टर१७
आंतरशालेय प्रदर्शनाचा विषय आहे 'जगाचे व्यवहार आणि विज्ञान यांत नवविचाराचं स्थान'. बाकीच्या शाळा रॉकेट आणि रोबो आणणार. न्हावा-शेवा जवळच असल्याने नववीच्या मुलांना कंटेनर सुचला. अडचण अशी की परीक्षक म्हणतील, हा तर पत्र्याचा डबा, यात नवीन काय? हलणारं मॉडेल हवं. खर्च हजाराच्या आत, हातात दोन आठवडे. नेमकं काय दाखवावं?

उरणकर
परीक्षकांचं बरोबरच आहे. डबे पूर्वीही होते, रेल्वेवर होते, जहाजांवरही होते. नवीन होता तो कोपरा.

कंटेनरच्या आठही कोपऱ्यांत पोलादी ओतकामाचा पोकळ ठोकळा असतो, १७८ × १६२ × ११८ मिमीचा. वरच्या ठोकळ्याच्या माथ्यावर १२४ × ६३.५ मिमीचं लांबट भोक. त्यात तशाच लांबट डोक्याचा ट्विस्टलॉक, म्हणजे फिरवून अडकणारं कुलूप, शिरतो आणि ९० अंश फिरला की अडकतो. क्रेन वरच्या भोकाला धरते, ट्रेलर, रेल्वे वॅगन, जहाज खालच्या ठोकळ्यांच्या तळाच्या भोकांना. आत तांदूळ आहे की टीव्ही, क्रेनला काही देणंघेणं नाही.

मोजमापही दाखवा. २० फुटी डबा पुरता २० फूट नसतोच. तो ६०५८ मिमी, आणि ४० फुटी १२१९२. दोन लहान डब्यांची बेरीज १२११६. उरलेले ७६ मिमी मधल्या फटीसाठी मुद्दाम सोडलेत, म्हणून ४० च्या जागेत दोन २० बसतात.

वाशी_सेक्टर१७
फटीचं माहीतच नव्हतं. विषयातल्या 'जगाचे व्यवहार' या भागाला काय जोडू?

बंदररेषा
मानकांची भांडणं! २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक उद्योजकाचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. जुना तेलवाहू टँकरच, वर डेक चढवलेला. पाठ्यपुस्तकी गोष्ट इथे संपते, खरा पेच पुढे आहे. मॅक्लीनच्या कंपनीचे डबे ३५ फुटी, मॅटसन कंपनीचे २४ फुटी. एकाची क्रेन दुसऱ्याच्या कामाची नाही. आंतरराष्ट्रीय मानक ठरवायला १९६१ पासून बैठका चालल्या आणि ठरलं काय, तर १०, २०, ३०, ४० फूट. म्हणजे दोघांपैकी एकाचंही नाही.

कोपरा-कुलपाची रचना अभियंता कीथ टँटलिंगरची. तिचं पेटंट मॅक्लीनच्या कंपनीकडे होतं. १९६३ मध्ये ते सगळ्यांना मोफत खुलं केलं, म्हणून प्रतिस्पर्ध्यांनीही तोच कोपरा घेतला. माझ्या मते प्रकल्पाचा कणा हाच. हक्क धरून ठेवला असता तर तो एका कंपनीचा जुगाड राहिला असता.

दुसरी बाजूही एका तक्त्यात येऊ द्या. पोती-पेट्या पाठीवर वाहणाऱ्या गोदी कामगारांची गरज जगभर घटली. जुन्या शहरातली बंदरं मागे पडली, कारण डब्यांना धक्क्यापेक्षा मागे मोकळं आवार जास्त लागतं. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ ला सुरू झालं ते खाडीपलीकडे, उगाच नव्हे.

फूटपट्टी
मॉडेल दोन प्रमाणांत करा, एकात जमणार नाही. डबे १:२० ने, सनबोर्डचे. २० फुटी ३०३ × १२२ × १३० मिमी, ४० फुटी ६१० × १२२ × १३०. मुलं हमखास २० फूट भागिले २० करून एक फूट, म्हणजे ३०५ मिमी कापतात. मग दोन डबे ६१० मध्ये घट्ट बसतात आणि फट गायब. बाहेरून मोजा, सनबोर्डची जाडी धरून.

या प्रमाणात भोक जेमतेम ६ मिमीचं होतं, कुलूप चालत नाही. म्हणून एक कोपरा १:२ ने वेगळा करा. ६ मिमी प्लायमध्ये ६२ × ३२ ची खाच. कुलपाचं डोकं १२ मिमी प्लायचं, ५६ × २८. त्यातून ८ मिमीचा बोल्ट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना नट कसून, नाहीतर बोल्ट फिरतो आणि डोकं जागीच राहतं. वर उचलायची पट्टी. पट्टीचा तळ आणि डोक्याचा माथा यांत १० मिमी ठेवा. ६ पेक्षा कमी झालं तर फिरणारच नाही, फार ठेवलंत तर उचलताना हिसका बसतो. ९० अंशांवर अडायला दोन खिळे. खाली ५ लिटर पाण्याचा कॅन टांगा.

पुठ्ठ्याची खाच वापरू नका, फाटते. अर्धवट फिरवून उचललं तर फक्त टोकं टेकतात आणि प्लायची कड तुटते. हेही करून दाखवा, लोक थांबून बघतात.

उरणकर
यात एक भर. खऱ्या क्रेनच्या स्प्रेडरला, म्हणजे डबा वरून धरणाऱ्या चौकटीला, चारही कोपऱ्यांवर पिना असतात. चारही टेकल्याशिवाय कुलूप फिरत नाही. उलटी चूक ट्रेलरवर होते: त्याची कुलपं उघडायची राहिली तर डब्यासोबत ट्रेलरच वर येतो.

आणि रचून दाखवताना खाली दोन २०, वर एक ४० ठेवा. उलटं नको. वजन कोपऱ्यांच्या खांबांतून उतरतं आणि ४० फुटीच्या मधोमध खांब नसतो, त्यामुळे २० ची आतली टोकं छतावर अधांतरी राहतात. का नको ते दाखवायला एकदा उलटं रचा: सनबोर्डचं छत लगेच वाकून दिसेल, फक्त वरच्या दोन डब्यांत अर्धा अर्धा किलो वाळू टाका.