नव्या स्पोर्ट्स कारचे कंपनीचे टायर काढायचे आहेत, कोणते टाकू? (घाई आहे)

खान्देशी_टर्बो: गाडी घेऊन तीन आठवडे झाले. कंपनीचे टायर नुसते दगड आहेत. पारोळ्यापर्यंत जाऊन आलो तर कंबर धरली, आई तर पुन्हा बसायला तयार नाही. चारही काढायचेत. मिशलिन, योकोहामा की कॉन्टिनेंटल, एवढंच सांगा. शनिवारी कन्नड घाटाने संभाजीनगरला जायचंय, त्याआधी बसवून हवेत.

घाटवेडा: गाडी कोणती? साइज?

खान्देशी_टर्बो: मॉडेल लिहीत नाही, जळगावात बहुतेक एकच आहे, लगेच ओळखतील. साइज २२५/४०.

टायरकाका: पुढचा आकडा खाल्लात. आर १८ असणार, म्हणजे १८ इंची रिम. ४० म्हणजे २२५ मिमी रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात ९० मिमी रबर. कोणत्याही कंपनीचा टाका, ते ९०च राहणार. १७ ची रिम घ्या, २२५/४५ आर १७. टायरची उंची ६३७ ऐवजी ६३४ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरलाही फरक पडत नाही, आणि कडेला ११ मिमी रबर जास्त मिळतं. फक्त आत ब्रेकचा कॅलिपर घासत नाही ना, ते आधी बघा.

घाटवेडा: काका प्रत्येक धाग्यावर रिम लहान करायला लावतात. मिशलिनचा पायलट स्पोर्ट टाक भाऊ, डोळे झाकून. पावसात घाटात ब्रेक मारल्यावर कळतं पैसे कुठे गेले ते.

टायरकाका: तो कंबरेचं विचारतोय, तुम्ही ब्रेकचं सांगताय.

दोन_दरवाजे: आई मागे बसते म्हणजे चार दरवाजे. मग ती स्पोर्ट्स कार कसली?

खान्देशी_टर्बो: आई पुढे बसते. टायरचं बोला.

केळीवाला_रावेर: आमच्या दिल्लीच्या ट्रकला मागे सगळे रिमोल्ड आहेत, जुन्यावर नवं रबर चढवलेले. केळी भरून जाते, तक्रार नाही.

सावदेकर: रनफ्लॅट आहेत का? त्यांच्या बाजूच्या भिंती मुद्दाम कडक करतात, हवा गेली तरी ताशी ८० ने साधारण ८० किमी जाता यावं म्हणून. स्टेपनी दिलीय का?

खान्देशी_टर्बो: नाही.

घाटवेडा: झालं. रनफ्लॅटच.

खान्देशी_टर्बो: डिकीत छोटा पंप आणि चिकट पाण्याची बाटली आहे.

सावदेकर: मग नसावेत, रनफ्लॅटला पंक्चर भरायची बाटली कशाला देतील? आणि बदलणारच असाल तर टायरवर कंपनीची खूण आहे का बघा. बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्यावर चांदणी असते, मर्सिडीजच्या टायरवर एमओ. दुकानात त्याच नावाचा टायर मिळेल, पण खूण नसेल तर आतली बांधणी वेगळी असू शकते. साइजनंतरचं ९२ वाय वगैरे जे असेल, त्याच्या खाली उतरू नका. ९२ म्हणजे एका टायरला ६३० किलो, वाय म्हणजे ताशी ३००. काकांच्या १७ मध्ये ९१ पण येतो, तो घेऊ नका.

टायरकाका: ९४ वाला पण येतो. मी ९१ म्हटलंच नव्हतं.

धुळेनाभो: भो, इतला पैसा कसाले वाया घालस? हवा कितली शे ते सांग पह्यले.

खान्देशी_टर्बो: शोरूमने भरूनच दिलीय. नायट्रोजन आहे.

घाटवेडा: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

धुळेनाभो: गॅस नही इचारा, आकडा इचारा. दुपारनं उन्हात नको मोजू, तापेल टायर जास्त दावस. सकायले, गाडी हलाडाना आगोदर.

खान्देशी_टर्बो: (दुसऱ्या दिवशी) पुढे ४७, मागे ४६. ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. स्क्रीनवर आकडा येतच नाही, हवा कमी झाली तरच दिवा लागतो.

सावदेकर: कारखान्यातून निघताना हवा जास्त भरतात. गाडी ट्रेलरवर, मग यार्डात महिना महिना उभी राहते, टायर एका जागी चपटा होऊ नये म्हणून. ताबा देण्याआधी उतरवायची असते. तुमच्याकडे कोणी उतरवलीच नाही. ४७ वर नऊ दिवसांत कंबर गेली असती, तुमची तीन आठवडे टिकली.

घाटवेडा: आणि त्या हवेवर तू कन्नड घाट चढणार होतास.

खान्देशी_टर्बो: ३३ केली. आईला अजिंठा चौफुलीपर्यंत फिरवून आणलं. खड्डा कळतो, पण ती काही बोलली नाही. टायरचा आवाज मात्र आहे तेवढाच आहे. तर मग, मिशलिन की योकोहामा?

टायरकाका: १७ ची रिम.