मतदानाच्या आकडेवारीसाठी आर ही प्रोग्रामिंग भाषा शिकावी की पायथन?

प्रश्न (ऐरोली): मी राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. ऐरोली आणि बेलापूर विधानसभा मतदारसंघांतील केंद्रनिहाय मतदानाचा अभ्यास करायचा आहे, परंतु प्रोग्रामिंगचा गंधही नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर (ठाणे): सांख्यिकीवर भर असेल तर आर, पीडीएफ आणि मजकूर हाताळायचा असेल तर पायथन सोयीचे पडते; मात्र खरे कष्ट आकडे स्वच्छ करण्यात आहेत. केंद्रनिहाय निकाल 'फॉर्म २०' या अंतिम निकालपत्रकात असतात आणि त्याच्या प्रती पुष्कळदा स्कॅन केलेल्या असल्याने यंत्राने वाचलेला ३ कधी ८ होतो. म्हणून प्रत्येक ओळीतील उमेदवारांच्या मतांची बेरीज छापील बेरजेशी ताडणारा छोटा प्रोग्राम आधी लिहा. मी ते न करता पुढे गेलो आणि महिनाभराचे काम पुन्हा करावे लागले. टपाली मते वेगळ्या ओळीत असतात, ती केंद्रांत मिसळू नका.

उत्तर (वाशी): २००८च्या पुनर्रचनेत ऐरोली हा नवा मतदारसंघ झाला आणि बेलापूरच्या सीमा बदलल्या, त्यामुळे २००४ची २००९शी थेट तुलना होत नाही. केंद्रांचे क्रमांकही बदलतात. जुळवणी पत्त्यावरून करा. शिवाय केंद्राच्या एकूण आकड्यावरून तिथल्या एखाद्या समाजगटाने कोणाला मत दिले हे ठरवता येत नाही, आणि ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहायलाच हवी.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. पायथन घेते आणि आधी बेलापूरची वीस केंद्रे हाताने भरून बेरीज तपासते.