मदत हवी आहे: डब्लिनहून दोन रात्री बरेनला (आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमधला चुनखडीचा खडकाळ प्रदेश), सोबत आईबाबा आणि सात वर्षांची लेक

चहाची_किटली:
मे महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी डब्लिनहून निघून रविवारी परत यायचं आहे. साताऱ्याहून आईबाबा आले आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि दोघंही शाकाहारी आहेत. धावपळ नकोच, खेड्यात शांत बसायचं आहे. बॅलीवॉनजवळ स्वयंपाकघर असलेलं छोटं घर ठरवलंय. माझं आयरिश लायसन्स आहे, गाडी भाड्याची. विचारायचं ते असं:
१. रस्ता कोणता, आणि कुठे चुकतं?
२. गुडघे सांभाळून काय बघता येईल? मोहरचे समुद्रकडे (क्लिफ्स ऑफ मोहर) करायचे का?
३. घरमालकिणीने कळवलंय, गरम पाण्याला 'इमर्शन' आणि बैठकीत 'स्टोव्ह' आहे. हे आपल्या बादलीतल्या रॉडसारखं असतं का?

कडेपठार:
एम४ मोटरवे, पुढे एम६, अथेनरीजवळ एम१८ ला दक्षिणेकडे वळायचं, गोर्टला बाहेर पडायचं आणि किनव्हाराच्या बाजूने एन६७ धरून बॅलीवॉन. साधारण पावणेतीन तास लागतात. शुक्रवारी दुपारी तीननंतर निघालात तर डब्लिनमधून बाहेर पडायलाच तासभर जादा जाईल. एम४ आणि एम६ वर एकेक टोलनाका आहे, कार्ड चालतं. डब्लिनभोवतीच्या एम५० वर मात्र नाका नाही, फक्त कॅमेरे. तो टोल दुसऱ्या दिवशी रात्री ८ पर्यंत ऑनलाइन भरायचा असतो. काही भाड्याच्या कंपन्या तो परस्पर कापतात, म्हणून गाडी घेतानाच विचारून ठेवा, नाहीतर दोनदा भराल.

इंधन, दूध, भाजी गोर्टलाच घ्या. पुढे दुकानं लहान आणि लवकर मिटणारी. पंपावर हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची.

गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे तो प्रश्न नाही. अडतं ते शेवटच्या चार-पाच किलोमीटरला. तिथे एकच गाडी मावेल एवढी वाट, मधोमध गवत, दोन्हीकडे कुंपणाची झुडपं. झुडूप मऊ दिसतं, पण आत दगडी बांध असतो. डावा आरसा आणि टायरची बाजू तिथेच जाते, आणि टायर व काच साध्या विम्यात बहुधा धरलेली नसतात. समोरून गाडी आली तर मागची रुंद जागा ज्याला जवळ, त्याने मागे घ्यायचं. समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल, तुम्हीही उचला. तेवढाच नमस्कार. फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ८० किमीची ६० झाली आहे, पण या वाटांवर ४० सुद्धा जास्तच.

घराचा एअरकोड (इथला पिनकोड, सात अक्षर-अंकांचा) आधीच लिहून घ्या. खेड्यात घरांना नंबर नसतात, एअरकोड मात्र प्रत्येक घराचा वेगळा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, डोंगराआड रेंज जाते.

काळा_कातळ:
प्रश्न २ चं सांगतो. मोहरचे कडे सोडून द्या असं माझं मत. अकरा ते चार बसगाड्यांची गर्दी असते, आणि निवांत बसायला निघालेल्या माणसांचा अर्धा दिवस पार्किंगमध्ये जातो. जायचंच असेल तर संध्याकाळी सहानंतर. मेमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो.

त्याऐवजी फ्लॅगी शोअर. समुद्राला लागून सपाट रस्ता, हवं तेवढं चालायचं आणि मागे फिरायचं. आईंना तोच सोसेल. तिथून जवळच कॉर्कमरोचा तेराव्या शतकातला मठ. छप्पर नाही, तिकीट नाही, पण गर्भगृहावरची दगडी कमान आणि खांबांवर कोरलेली फुलं बघून या. मठाच्या लॅटिन नावाचा अर्थ 'सुपीक खडकाची मेरी'. नाव उगाच नाही: चुनखडी उन्हात तापलेली ऊब धरून ठेवते आणि फटींत गवत हिवाळ्यातही टिकतं. म्हणून इथले शेतकरी उलटं करतात, गुरं हिवाळ्यात वर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात.

आर४८० रस्त्यावरचं पॉलनाब्रोन हे दफनाचं शिळास्मारक पार्किंगपासून जवळच आहे, पण वाट उंचसखल. सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचं, आणि उत्खननात तीसहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले. आजूबाजूचा खडक फरशीसारखा सपाट, मध्ये उभ्या खोल भेगा. ओल्या खडकावर बूट सरकतो आणि पाय भेगेत जातो, घोटे मुरगळतात ते असेच. पाऊस पडून गेला असेल तर आईंनी वाटेवरूनच बघावं. लेकीला दगडांचे मनोरे रचू देऊ नका. दगड हलले की भेगांतली झाडं उघडी पडतात, आणि तिथल्या लोकांना ते अजिबात आवडत नाही.

फुलांचा हंगाम साधलाय तुम्ही. स्प्रिंग जेन्शियन एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत असतं, गडद निळं, नखाएवढं. कासचं पठार डोळ्यांसमोर ठेवून मात्र जाऊ नका. इथे गालिचा नसतो, खाली वाकून शोधावं लागतं, आणि आभाळ भरलं की फूल मिटतं.

चहाची_किटली:
बाबांना थोडं चालायचं आहे. आणि छत्र्या किती घेऊ?

काळा_कातळ:
छत्री एकही नको, वारा उलटी करतो. टोपीचं रेनकोट जाकीट घ्या. बाबांना राष्ट्रीय उद्यानात मुल्लामोरच्या पायथ्याची छोटी फेरी पुरे, साधारण अर्धा तास. लांबची अडीच-तीन तासांची आहे आणि तिथे चढ आहे. पँट मोज्यात खोचा, गवतात गोचीड असते. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं: बंद तर बंद, उघडं तर उघडं. आयर्लंडमध्ये कुणाच्याही रानातून चालण्याचा सरसकट हक्क नाही, खुणेच्या वाटा सोडू नका.

मेथीची_जुडी:
किटलीताई, इमर्शन रॉडसारखंच, फक्त टाकीच्या आत. 'हॉट प्रेस' म्हणतात त्या कपड्यांच्या कपाटात टाकी असते आणि जवळ दोन बटणं. एक चालू-बंदचं, दुसऱ्यावर 'सिंक' आणि 'बाथ'. सिंकला टाकीचा वरचा भागच तापतो, भांड्यांना अर्धा तास बास. अंघोळीला बाथ लावून तास-दीड तास आधी सुरू करा, मग बंद करा. चौघांच्या अंघोळी लागोपाठ उरकणार नाहीत, बाबांना आधी पाठवा. इलेक्ट्रिक शॉवर असेल तर तो स्वतःच पाणी तापवतो. थंडच येत असेल तर त्याच्या स्विचची, छतावरून लोंबणारी दोरी ओढलेली नाही.

स्टोव्ह म्हणजे लाकडाची बंद शेगडी. खालची-वरची हवेची दारं पूर्ण उघडी, एक फायरलायटर, बारीक काटक्या, वर दोन लहान फाटे. दार बोटभर उघडं ठेवून पाच-दहा मिनिटं. जाळ धरला की दार बंद, पंधरा मिनिटांनी खालची हवा निम्मी. धूर खोलीत आला तर धुराडं गार आहे, आधी कागदाचा बोळा जाळून ते तापवा. भिंतीतलं हवेचं भोक वारा येतो म्हणून कापडाने बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो. राख दुसऱ्या दिवशीही आतून गरम असते, लोखंडी बादलीतच काढा.

आता स्वयंपाकघर. फोडणीने धुराचा अलार्म हमखास वाजतो. आधी पंखा, मग खिडकी, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि मग मोहरी. उरलेलं तेल मोरीत ओतू नका. घराला सेप्टिक टँक असतो, तेल आणि वाइप्सने तुंबतो, आणि रविवारी प्लंबर मिळत नाही. चुनखडीचं जड पाणी असल्यामुळे चहावर तवंग दिसेल, घाबरू नका. विहिरीचं पाणी असेल तर प्यायचं का, ते मालकिणीला विचारा.

पबमध्ये व्हेजिटेबल सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारूनच घ्या. चिप्स कशात तळतात तेही. सोडा ब्रेड चालेल, यीस्ट नसतं, ताकासारखं बटरमिल्क आणि खायचा सोडा. लेकीला मे ते सप्टेंबर रात्री १० पर्यंत पबमध्ये बसता येतं, पण जेवण बहुतेक ठिकाणी साडेआठ-नऊला बंद.

चहाची_किटली:
सगळं लिहून घेतलं. चूल इंडक्शन निघाली तर कुकर चालेल का?

मेथीची_जुडी:
बुडाला फ्रिजचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर चालेल.

चहाची_किटली:
नाही चिकटत. अॅल्युमिनियमचा आहे.

मेथीची_जुडी:
मग कुकर घरीच ठेवा, आणि तूरडाळही. मुगाची डाळ न्या, अर्धा तास भिजवली की जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. पातेलं आपलंच न्या, त्यालाही चुंबक लावून. एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी, झाकण तिरकं, आणि मीठ शेवटी.