माळ्यावर सापडलेलं गोल बक्कल आणि कुरडयांचं लाल धुडकं : पॅराशूटचंच आहे का?

घाटावरचा

नमस्कार मंडळी, गावचं घर रंगवायला काढलंय म्हणून माळा रिकामा केला तर आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत खाकी जाड पट्ट्यांचा जुडगा आणि त्या पट्ट्यांच्या मधोमध एक गोल लोखंडी डबी, तळहातात मावेल एवढी, वर तबकडी, तबकडीवर इंग्रजीत लिहिलंय की फिरवली की कुलूप उघडतं आणि दाबली की सुटतं. गंजलीय पण अजून थोडी हलते.

दुसरी वस्तू ट्रंकेत नव्हती, ती आम्ही लहानपणापासून बघतोय. आजी गच्चीवर कुरडया वाळत घालायची ते मोठ्ठं लाल कापड, फाटून फाटून आता निम्मं राहिलंय, आम्ही पोरं त्याला छत्रीचं धुडकं म्हणायचो. हाताला जाडंभरडं लागतं, रेशीम वगैरे अजिबात नाही.

आजोबा मराठा पलटणीत, ४३ सालची भरती, मणिपूरकडं लढाईला होते. आजी 'सांगशाक' असं काहीतरी नाव घ्यायची. लढाई संपल्यावर पॅरात, म्हणजे विमानातनं उड्या मारणाऱ्या पलटणीत, गेले. स्वतः कधी एक शब्द बोलले नाहीत त्यामुळं आमच्याकडं माहितीच्या नावानं बोंब.

तर हे दोन्ही एकाच पॅराशूटचं आहे का? आणि दुसरं म्हणजे माझा मावसभाऊ कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, तो मागं लागलाय की धुडकं आणि पट्टे दे, टेलरकडनं नीट करून घेतो आणि व्हिंटेज रिझर्व्ह (अडचणीला उघडायची दुसरी छत्री) म्हणून एकदा उडवून रील टाकतो. मला कायतरी बरोबर वाटत नाहीये पण मी त्यातला नाही त्यामुळं त्याला काय सांगू ते कळंना.

जुना_पॅकर

पहिलं काम, ट्रंकेला कुलूप घाला आणि किल्ली मावसभावाला सापडंल अशा जागी ठेवू नका. बाकीचं सावकाश.

मी हवाई दलात सेफ्टी इक्विपमेंट सेक्शनला होतो, आयुष्य छत्र्या घडी करण्यात गेलं. तुमची डबी म्हणजे क्विक रिलीज बॉक्स, ब्रिटिश पद्धतीची. पॅराट्रूपरच्या हार्नेसचे, म्हणजे अंगाला बांधायच्या साजाचे, चार पट्टे, दोन खांद्यावरून आणि दोन मांड्यांतून, छातीवर या डबीत येऊन अडकायचे. एक पट्टा डबीला कायमचा जोडलेला, बाकी तिघांच्या टोकाला लोखंडी जिभा, त्या खाचेत घुसवल्या की टक्क आवाज येतो. सुटायचं असंल तर तबकडी पाव वळसा फिरवायची आणि मग मुठीनं दणका द्यायचा, तिन्ही जिभा एकदम बाहेर. आता दोन पायऱ्या कशाला तर एकच बटण ठेवलं असतं आणि विमानाच्या दारात गर्दीत कुणाचं कोपर लागलं असतं तर माणूस हार्नेसमधनंच गळाला असता. नुसती फिरवून काही होत नाही आणि न फिरवता कितीही दाबा, सुटत नाही.

आणि एवढी घाई कशाला म्हणाल तर जमिनीवर उतरल्यावर छत्री मरत नाही हो. वारा असंल तर ती शिडासारखी फुगते आणि माणसाला नांगरासारखं ओढत नेते. पाण्यात पडला तर विषयच संपला. अमेरिकनांच्या टी-५ छत्रीला अशी डबी नव्हती, छातीला एक आणि मांड्यांना दोन असे तीन हुक वेगवेगळे सोडवायचे, तेही ताणलेल्या पट्ट्यांवर, ओल्या हातानं. ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीत मर्देरे नदीकाठची कुरणं जर्मनांनी पाणी सोडून भरून ठेवलेली, रात्रीचं वरनं ते गवतच वाटलं असणार. अंगावर एवढं वजन घेतलेली पोरं कंबरभर-छातीभर पाण्यात बुडाली, हुक सुटले नाहीत म्हणून. त्यानंतर अमेरिकनांनीही एका झटक्यात सुटणारी डबी घेतली.

तर ती डबी जपून ठेवा. कापडाचं मला वेगळंच वाटतंय पण फोटो टाका आधी.

कोपऱ्यातली_काकू

पॅराशूट म्हटल्यावर मला आधी निळी तेलाची बाटली आठवते त्यामुळं माझा प्रश्न अडाणी असंल. पण पॅकरभाऊ, त्या ब्रिटिशांच्या छत्रीला दुसरी छत्री असायची का? पहिली नाहीच उघडली तर?

हॉलंडकर

काकू, अडाणी नाही, हाच खरा प्रश्न आहे. नव्हती! मी हॉलंडमध्ये आर्नहेमजवळ राहतो, इथं दर सप्टेंबरला गिंकेलच्या माळावर १९४४ च्या लढाईच्या आठवणीत उड्या मारतात, आणि ओस्टरबेकला हार्टेनस्टाइन म्युझियम आहे तिथं त्या काळचं सामान बघायला मिळतं. आर्नहेमला जे ब्रिटिश पॅरा उतरले त्यांच्या पाठीवर एक्स-टाइप छत्री होती, २८ फुटी, आणि पोटावर काहीही नाही. ब्रिटिशांनी रिझर्व्ह घेतली ती थेट पन्नासच्या दशकात.

त्यांचं म्हणणं असं की उडी पाच-सहाशे फुटांवरून, तिथं दुसरी उघडायला वेळच कुठाय. हिशोब केला तर अगदी खोटं नाही, पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर, छत्री मुळीच उघडली नाही तर साडेपाच-सहा सेकंदांत खेळ खल्लास, त्यात पहिले दोन-तीन सेकंद तर काय बिघडलंय हे कळण्यातच जातात. पण अमेरिकन तेवढ्याच उंचीच्या जवळपास उड्या मारत होते आणि त्यांच्या पोटावर रिझर्व्ह होती, त्यामुळं पैसा आणि रेशीम वाचवायचा भागही होताच असं मला वाटतं.

ब्रिटिशांच्या बाजूनं एक बोलायला पाहिजे मात्र. त्यांनी दुसरी छत्री देण्यापेक्षा पहिलीच बिघडू नये यावर डोकं लावलं. जुलै १९४० मध्ये मँचेस्टरजवळ रिंगवेला शाळा सुरू होऊन काहीच दिवस झाले होते आणि एक जवान दोऱ्यांत गुंतून मेला. त्यावेळच्या छत्रीत कापड आधी बाहेर यायचं, दोऱ्या नंतर, म्हणजे अर्धवट फुगलेल्या कापडात माणूस आणि दोऱ्या सगळा गुंता व्हायची शक्यता. मग छत्र्या करणाऱ्या जीक्यू कंपनीच्या रेमंड क्विल्टरनं क्रमच उलटा केला. स्टॅटिक लाइन, म्हणजे विमानाला बांधलेली दोरी, पिशवी ओढणार, आधी दोऱ्या पूर्ण ताणल्या जाणार आणि शेवटी कापड पिशवीतनं निसटणार. एवढाच बदल, पण गुंता कमी झाला आणि उघडतानाचा दणकाही कमी झाला. अमेरिकन टी-५ मध्ये कापड आधीच यायचं, त्या झटक्याबद्दल त्यांच्या लोकांनी भरपूर शिव्या घातल्यात, आणि नंतरच्या टी-१० ला त्यांनीही पिशवी आणि दोऱ्या आधी हीच पद्धत घेतली.

बाकी रिंगवेला व्हिटली बॉम्बरच्या तळाला पाडलेल्या भोकातनं उडी मारायला लावायचे. जरा जोरात ढकललं की समोरच्या काठावर तोंड आपटायचं, त्याला ते 'घंटा वाजली' म्हणायचे. सेफ्टीच्या नावानं ठणठण गोपाळ.

पबजी_पॅराट्रूपर

मी फक्त गेममध्येच उडी मारलीय हे आधीच सांगतो. पण कुठंतरी वाचलेलं की दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर जर्मन लोक बंदुकीशिवाय उतरले, हे खरंय का? एवढी शिस्तीची आर्मी आणि बंदूक विसरली?

हॉलंडकर

विसरले नव्हते रे, छत्रीमुळंच. जर्मन आरझेड छत्रीच्या दोऱ्या खांद्यांवर दोन बाजूंना येत नव्हत्या, सगळं ओझं पाठीवर एका जागी लोंबायचं. त्यामुळं माणूस हवेत पालथा टांगलेला, दोऱ्या हातात येत नाहीत म्हणजे वळवता येत नाही, आणि उतरायचं ते पुढं झोकून देऊन हातापायांवर. गुडघ्याला जाड पॅड बांधायचे ते त्यासाठीच. असं आपटायचं म्हटल्यावर लांब रायफल अंगाला बांधून कशी नेणार, म्हणून ती वेगळ्या डब्यातनं टाकायची. २० मे १९४१ ला क्रीटमध्ये बरेच जण पिस्तूल आणि हातबॉम्ब घेऊन खाली आले आणि रायफलचा डबा शंभर पावलांवर, मधे गोळीबार.

घाटावरचा

बापरे, एवढी माहिती! फोटो टाकलेत. कापड सुतीच आहे, नक्की, आईनं कडेचा धागा जाळून बघितला तर कागदासारखी राख झाली. कडेला पट्टी शिवलेली आहे आणि तिला अंतरा-अंतरावर सुतळीसारख्या दोरीचे तुकडे राहिलेत.

मावसभाऊ म्हणतोय की त्यानं दोन्ही हातांनी ओढून बघितलं तर फाटलं नाही, त्यामुळं मजबूत आहे, आणि जुनं ते सोनं. 😐

इतिहासाचा_किडा

थांबा थांबा, सांगशाक म्हणालात म्हणून बोलतोय. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाक गावाच्या टेकडीवर ५० व्या पॅरा ब्रिगेडला जपान्यांनी घेरलं होतं, २२ ते २६ मार्च, आणि त्या ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. तुमचे आजोबा त्यातच असणार. टेकडीवर पाणी नाही, दारूगोळा संपत आलेला, सगळं वरनं विमानातनं टाकायचं, आणि जागा एवढीशी की टाकलेल्यातलं बरंचसं जपान्यांच्या पदरात पडलं. २६ च्या रात्री उरलेले लोक जंगलातनं इंफाळकडं निघाले.

म्हणजे पॅरा ब्रिगेड असूनही तिथं कुणी उडी मारलेली नाही, पायदळासारखेच लढले. तुमचं लाल कापड हे माणसाच्या छत्रीचं नाहीच, सामान टाकायच्या छत्रीचं आहे. माणसाची छत्री बहुतेक रेशमी नाहीतर नायलॉनची आणि सामानाची सुती, तीही बऱ्याचदा रंगीत, म्हणजे कुठल्या गाठोड्यात काय आहे ते लांबून कळायचं. त्या भागात हे कापड म्हणजे चैन होती, लोकांनी त्याचे कपडे शिवले, पांघरुणं केली. आजोबांनी ते सांगशाकहून आणलं की नंतर कुठून मिळवलं हे मात्र आता आजोबाच जाणोत.

आणि सुतीसुद्धा पुरेना म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या ब्रिटिश जनरल स्लिमच्या लोकांनी कलकत्त्यात चक्क तागाच्या छत्र्या करून घेतल्या, पॅराज्यूट म्हणायचे त्याला. म्हणजे आपलं गोणपाट हो! एक पौंडाच्या आसपास खर्च, नेहमीच्या छत्रीला वीसेक पौंड लागायचे.

डबी मात्र नंतरची गोष्ट दिसते. लढाईनंतर मराठ्यांची तिसरी बटालियन पॅरा झाली आणि १९५२ ला तीच २ पॅरा झाली, ज्यांनी ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाईलला उडी मारली. आजोबा पॅरात गेले म्हणजे बहुतेक याच पलटणीत. तेव्हा दोन वस्तू, दोन वेगळ्या छत्र्या.

जुना_पॅकर

किड्यानं माझ्या मनातलं सांगितलं, फोटो बघून मीही सामानाचीच म्हणणार होतो. आता मावसभावाकडं वळतो.

बाळा, सामानाची छत्री पोतं फुटणार नाही एवढ्या वेगानं खाली आणायला केलेली असते. पोत्याला घोटा नसतो. हा झाला पहिला मुद्दा.

दुसरं, हातानं ओढून बघणं ही टेस्ट नव्हे. छत्रीच्या कापडाचा खरा शत्रू ऊन आहे, आणि तुमच्या आज्जीनं ते चाळीस वर्षं मे महिन्याच्या उन्हात घातलंय, मिठाचा चीक लावून! ऊन लागलेलं कापड डोळ्याला तसंच दिसतं आणि झटक्याला टरकन जातं. नायलॉनचंही तेच. सुती आणि रेशमाला वर घाम, ओल, बुरशी. अमेरिकेत कायदाच आहे की नायलॉनची छत्री १८० दिवसांत उघडून तपासून परत घडी करायची आणि रेशमी किंवा नैसर्गिक धाग्याची असंल तर ६० च दिवसांत. तुमची ८० वर्षांची.

तिसरं तर फार बेकार प्रकरण होतं. ऐंशीच्या दशकात काही कंपन्यांच्या गोल रिझर्व्हमध्ये कडेला जी जाळी लावायचे ती जाळीच आम्लधर्मी निघाली. छत्री नवी, बॅगेत बंद, ऊन नाही, कुणी वापरलेलीही नाही, आणि आतल्या आत जाळीला टेकलेलं कापड कुजत चाललेलं. मग ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचं रसायन लावून रंग बदलतो का बघायचं आणि चिमट्यात धरून ४० पौंडांचा ताण द्यायचा, टिकलं तर पास. गंमत अशी की जाळी लावतात ती सेफ्टीसाठीच. टी-१० ला पण सत्तरच्या दशकात कडेला जाळी आली, कारण उघडताना एका बाजूची कड दोऱ्यांमधनं पलीकडं घुसून छत्री उलटी व्हायची.

चौथं, पॅराग्लायडरची रिझर्व्ह हातानं फेकायची असते, हलकी आणि पटकन फुगणारी. गोणपाटाच्या भावकीतलं हे धुडकं फेकलंस तर ते तुझ्या ग्लायडरमध्येच जाऊन बसंल, म्हणजे चांगलं चाललेलंही बंद. आणि पट्टे, त्या डबीच्या आतली स्प्रिंग गंजलीय का कुणी बघितलंय? वेळेला सुटली नाही तर एक वेळ चालंल, नको तेव्हा सुटली तर?

कोपऱ्यातली_काकू

आजीनं केलं तोच त्या कापडाचा सर्वात सुरक्षित वापर होता म्हणायचा. 😂

हॉलंडकर

मावसभावाला जुनी गोल छत्री उडवायचीच हौस असंल तर इथं स्मरणार्थ उड्या मारणारे ग्रुप आहेत, पण तेसुद्धा जुन्या पद्धतीची दिसणारी, तपासलेली छत्री घेतात, पोटावर रिझर्व्ह बांधतात. दुसऱ्या महायुद्धातली खरी छत्री काचेच्या कपाटात असते. डबीला पॉलिश पेपर मारू नका एवढं ऐका, अक्षरं जातील. कोरड्या कपड्यानं पुसा, किंचित मशीनचं तेल, बास.

घाटावरचा

मावसभावाला सगळा धागा वाचून दाखवला. पोत्याला घोटा नसतो यावर हसला आणि गप्प बसला, रील आता डबीचं करणार म्हणतोय, करू दे.

काल रात्री तेलाचे दोन थेंब टाकून ठेवले होते. सकाळी आईनं पट्टे अंगावर चढवायला लावले, आजोबांपेक्षा मी जाडा त्यामुळं मांडीचे पट्टे जेमतेम पोचले, जिभा खाचेत घातल्या तर खरंच टक्क असा आवाज आला. मग तबकडी फिरवली आणि दणका दिला. दोन पट्टे सुटून खाली पडले, तिसरा अडकून बसला तो अजून निघत नाहीये. पॅकरकाका, हे टाइप करतोय तेव्हाही मी त्यातच आहे, काय करू?

जुना_पॅकर

हातोडी घेऊ नका. तबकडी परत मूळ जागी आणा, अडकलेला पट्टा सैल सोडा, ओढू नका, ताण असला की जीभ रुतून बसते. मग परत फिरवा आणि दाबा. आणि मावसभावाला म्हणावं हे शूट कर.