बी-३०२ चा मलबा कुठे न्यायचा?

सेक्रेटरी ताई: सगळ्यांना नमस्कार. बी-३०२ मध्ये उद्यापासून बाथरूमची तोडफोड आहे. मलबा मागच्या खुल्या प्लॉटवर पडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

ए-१०४: सकाळच्या कचरागाडीत थोडा थोडा देऊन टाकला तर?

सेक्रेटरी ताई: नाही भाऊ. मलब्याच्या सरकारी नियमांप्रमाणे घरातल्या कचऱ्यात मलबा मिसळता येत नाही, आणि ज्याच्याकडे काम, जबाबदारी त्याची. ओल्या कचऱ्यात विटा-सिमेंट गेलं की त्याचं खत होत नाही.

सी-२०१ काका: पीओपी तर अजिबात नको. ते जिप्सम असतं. सडक्या कचऱ्याखाली हवा न लागता दबून राहिलं की त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू निघतो. आपल्या नागपुरात भांडेवाडीजवळ माझी बहीण राहते. उन्हाळ्यात तिथल्या डम्पिंग यार्डला आग लागली की ४५ डिग्रीत खिडक्या बंद करून बसावं लागते तिला. आपला कचरा तिच्या दारात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

बी-३०२: ठेकेदार म्हणते, काहून टेन्शन घेता, नाल्याच्या काठाने टाकून देतो.

सी-२०१ काका: बिलकुल नाही! २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. काठावरचा मलबा पहिल्या जोरदार पावसात नाल्यात जाऊन बसते, पाण्याची जागा खाते.

बी-३०२: पटलं काका. मग वेगळं काय काय करू, ताई?

सेक्रेटरी ताई: नळ, लोखंड, ॲल्युमिनियम कबाडीवाल्याला. चांगल्या टाइल्स काढून ठेवा, कोणाच्या तरी कामी येतील. रंगाचे डबे, ट्यूबलाइट मलब्यात नको. विटा, प्लास्टर, फुटक्या टाइल्स पोत्यात भरा, पण पोतं अर्धंच. भरलेलं पोतं दोघांना उचलत नाही, मग ते जिन्यावरून घसटत नेतात अन् पायऱ्यांच्या कडा फुटतात. कुठे उतरवायचं ते महापालिकेच्या झोन ऑफिसला विचारूनच गाडी सांगा. वर ताडपत्री पाहिजे. ठेकेदाराला शेवटचे पैसे उतरवल्याची पावती पाहून द्या.

बी-३०२: हो ताई. शनिवारी छोटा हत्ती टेम्पो सांगतो.

ए-१०४: जागा असेल तर माझ्या गॅलरीतल्या फुटक्या फरश्याही न्याल का? भाडं अर्धं माझ्याकडे.

बी-३०२: आणा ना भाऊ. फक्त कुंड्यांची माती त्यात नको, ती खाली बागेत टाका.

ए-१०४: चालेल 👍