मदत हवी आहे : टीएलआर-४ ला जागे करते ते आमचे प्रथिन, की त्यात उरलेले एंडोटॉक्सिन?

सर्वांना नमस्कार.

मी पुण्यात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. क्षयरोगाच्या जिवाणूचे एक प्रथिन मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या पृष्ठभागावरील टीएलआर-४ या ग्राहीला जागे करते का, हा माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘होय’ असे मी जवळजवळ धरून चालले होते. मात्र गेल्या आठवड्यातील एका प्रयोगाने माझा त्यावरचा विश्वास डळमळीत झाला आहे. आपल्यापैकी कोणी या कामातून गेले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. टीएलआर-४ हा ग्राही ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, ओळखतो. पण हे काम तो एकट्याने करत नाही. रक्तद्रवातील एलबीपी हे प्रथिन एंडोटॉक्सिनचा रेणू उचलून सीडी-१४ कडे सोपवते, आणि तेथून तो टीएलआर-४ ला बिलगलेल्या एमडी-२ या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतो. २००९ मध्ये या जोडणीची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनमधील मेदाम्लांच्या सहा साखळ्यांपैकी पाच खोबणीत बुडतात आणि सहावी बाहेर राहून शेजारच्या टीएलआर-४ ला टेकते. दोन ग्राही असे जोडीने एकत्र आले की पेशीच्या आत निरोप जातो आणि पेशी टीएनएफ हे दाह घडवणारे प्रथिन स्रवू लागते. ही व्यवस्था इतकी तल्लख आहे की मिलीलिटरमागे एका नॅनोग्रॅमहूनही कमी एंडोटॉक्सिन तिला पुरते, आणि माझी सगळी अडचण तिथेच आहे.

क्षयाच्या जिवाणूत लिपोपॉलिसॅकराइड नसते, परंतु आमचे प्रथिन आम्ही ई. कोलायमध्ये बनवून निकेलच्या कॉलमवर शुद्ध करतो. जेलवर त्याची एकच स्वच्छ पट्टी दिसते. पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारख्या केलेल्या टीएचपी-१ या मानवी पेशींना ते दिले असता भरपूर टीएनएफ मिळाले, आणि टीएलआर-४ ला अडवणारी अँटिबॉडी आधी घातल्यास ते जवळजवळ नाहीसे झाले. माझ्या मार्गदर्शकांच्या मते हा पुरावा पुरेसा आहे आणि पुढच्या महिन्यातील सादरीकरणात तसे मांडायला हरकत नाही.

केवळ खातरजमा म्हणून मी प्रथिन दहा मिनिटे उकळून पुन्हा प्रयोग केला. एलायझाच्या (टीएनएफ रंगावरून मोजण्याच्या चाचणीच्या) प्लेटमध्ये शेवटी आम्ल घातल्यावर उकळलेल्या प्रथिनाचे खळगे रिकामे दिसतील अशी माझी अपेक्षा होती, पण तेही शेजारच्या खळग्यांइतकेच गडद पिवळे झाले. एंडोटॉक्सिन उकळून नष्ट होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मग एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन-बी घालून पाहिले, तर टीएनएफ बरेच उतरले, पण पूर्ण थांबले नाही. या उरलेल्या प्रतिसादाचे श्रेय मी प्रथिनाला देऊ शकते का? टीएलआर-४ निकामी असलेल्या सी३एच/एचईजे उंदरांच्या पेशी मागवून उपयोग होईल का? आणि प्रथिन नव्याने बनवावे लागणार असेल, तर कोणत्या मार्गाने बनवावे? चुकीचा निष्कर्ष प्रबंधात जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे; वेळ लागला तरी चालेल.

प्रतिसाद

आपण प्रथिन उकळून पाहिलेत हे फार चांगले झाले. हाच प्रयोग न केल्यामुळे किंवा त्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अनेकांची फसगत झालेली आहे. एचएसपी-७० हे पेशींतील प्रथिन टीएलआर-४ ला चेतवते असे काही काळ छापून येत होते. पुढे अतिशय शुद्ध केलेल्या एचएसपी-७० ने टीएनएफ तयार होईना, तेव्हा तो प्रताप मिसळलेल्या एंडोटॉक्सिनचा असल्याचे उघड झाले.

अडवणाऱ्या अँटिबॉडीवरून आणि सी३एच/एचईजे उंदरांवरून कोणते दार उघडले एवढेच कळेल. ते कोणी उघडले हे कळणार नाही. या उंदरांत ७१२ व्या स्थानावरील प्रोलिनच्या जागी हिस्टिडिन आलेले आहे आणि त्यामुळे ते एंडोटॉक्सिनला दाद देत नाहीत, हे १९९८ मध्ये दिसून आले, आणि टीएलआर-४ चे काम त्यातूनच सिद्ध झाले. तुमच्या नमुन्यात एंडोटॉक्सिन असेल तर तेही याच दाराने जाणार, त्यामुळे त्या पेशींवर खर्च करू नये असे मला वाटते.

पॉलिमिक्सिन-बी नंतर उरलेला प्रतिसाद प्रथिनाच्या खात्यावर मांडू नका. एंडोटॉक्सिन जास्त असेल तर पॉलिमिक्सिन अपुरे पडते. शिवाय ई. कोलायची लिपोप्रथिनेही सोबत आलेली असू शकतात. ती टीएलआर-२ हा दुसरा ग्राही ओळखतो आणि पॉलिमिक्सिन त्यांना अडवत नाही. तुमच्या अँटिबॉडीने जवळजवळ सगळेच थांबले, त्यावरून मला पहिलीच शक्यता अधिक वाटते. काही प्रथिने उकळूनही टिकतात, म्हणून प्रोटीनेज-के या प्रथिने कापणाऱ्या विकराने प्रथिन पचवून पाहावे. त्यानंतरही टीएनएफ तितकेच आले, तर प्रथिनाचा संबंध नाही असे समजावे.

नव्याने बनवताना क्लिअरकोलाय हा ई. कोलायचा प्रकार घ्यावा. त्याच्या लिपोपॉलिसॅकराइडमध्ये सहाऐवजी चारच साखळ्या असतात, त्यामुळे दुसऱ्या ग्राहीला टेकणारी साखळीच राहत नाही आणि मानवी टीएलआर-४ स्वस्थ राहतो. (प्लेगचा जिवाणू ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीरात, हीच चाल खेळतो.) मात्र उंदरांच्या पेशी चार साखळ्यांनाही प्रतिसाद देतात, म्हणून टीएचपी-१ सोडू नका. ते जमत नसल्यास प्रथिन निकेलच्या कॉलमवर असतानाच थंड ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने भरपूर धुवावे.

धागालेखिका

मनःपूर्वक आभार. कोण आणि कोणते दार हा भेद माझ्या ध्यानातच आला नव्हता. आज मार्गदर्शकांशी बोलले; त्यांनी हा मुद्दा मान्य केला आणि हे प्रकरण सादरीकरणातून तूर्त मागे घेतले आहे. क्लिअरकोलाय येईपर्यंत प्रोटीनेज-के चा प्रयोग उरकून घेते. ते पेशींवर गेल्यास पृष्ठभागावरील ग्राहीच कापले जातील का?

प्रतिसाद

हो, जाऊ शकतात. पचन झाल्यावर नमुना ९५ अंशांवर दहा मिनिटे तापवून प्रोटीनेज-के निष्क्रिय करावे. एका खळग्यात केवळ तापवलेले प्रोटीनेज-के ठेवा, आणि दुसऱ्यात त्याच प्रक्रियेतून गेलेले शुद्ध एंडोटॉक्सिन. या दुसऱ्या खळग्यात टीएनएफ कमी आले, तर बाकीच्या आकड्यांवर विसंबू नका.